गड्ड्याची यात्रा

संक्रांत आली की सोलापूरच्या जुळे सोलापूर उपनगरातली पावलंही जुन्या गावठाणाकडे, सिद्धेश्वर तलावाकाठी वळतात. बाराव्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांची ही यात्रा. हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. आधी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, पुढे होम आणि शोभेचं दारूकाम.

चुकवू नये तो अक्षता सोहळा. कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामांच्या योगदंडाशी लागलं, अशी कथा. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ‘बोला हर्र’च्या गजरात त्याच लग्नाच्या अक्षता आजही टाकतात.

मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीचे गालिचे घातले जातात. शहरातलं हे सर्वांत देखणं कलाप्रदर्शन, तेही विनातिकीट! नंदीध्वज येण्याआधी पोहोचा. नंतर गर्दीत बारकावे दिसत नाहीत. मुलांना होम मैदानावरचे पाळणे संध्याकाळी दाखवा.