१९० घरे, पाच सल्लागार

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २२ हजार होती. राज्यात ६० वर्षांवरील लोक तेव्हा ९.९ टक्के होते. २०२१ चा अंदाज ११.७ टक्क्यांचा आहे. लोकसंख्या तेवढीच धरली तरी गावातले ज्येष्ठ सुमारे २,१८० वरून २,५७० वर जातात. देशात ज्येष्ठांमधले स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के आहे. ते लावले, तर गावात सुमारे १९० रुग्ण निघतात. २०११ च्या हिशेबाने हा आकडा १६० होता. घरोघरी स्मृतिभ्रंशाला ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि इलाज नाही असे धरून चालतात.

७.४ टक्के हे प्रमाण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीचे. त्यानुसार देशात ८८ लाख रुग्ण आहेत. स्त्रियांत प्रमाण ९ टक्के, पुरुषांत ५.८, ग्रामीण भागात ८.४, शहरांत ५.३. म्हणजे आजार खेड्यांत जास्त आणि मेंदूविकारतज्ज्ञ शहरांत. २०१० च्या अहवालात रुग्ण ३७ लाख होते; पण मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने या फरकाला वाढ म्हणता येत नाही.

औषधाविना काय करता येते, याचे उत्तर गोव्यात मिळाले. दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांपैकी चिठ्ठी टाकावी तशी ४१ निवडली गेली. दोन पूर्णवेळ गृह-सल्लागार पंधरवड्यातून किमान एकदा, सहा महिने त्या घरी गेल्या. त्या डॉक्टर नव्हत्या. स्थानिक भाषा येणाऱ्या, आठवडाभर प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होते. आजार समजावणे, आंघोळ-जेवणातल्या अडचणी सोडवणे, चिडचिड कशी हाताळायची ते सांगणे, हे त्यांचे काम. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णांच्या लक्षणांत मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही. सुनेचा किंवा मुलीचा भार हलका होणे हाच इथला सिद्ध लाभ आहे, आणि तो लहान नाही.

रुग्णासाठीचा पुरावा दुसरीकडे आहे. ब्रिटनमध्ये २०१ रुग्णांवर झालेल्या बोधन-उत्तेजन, म्हणजे गप्पा आणि कृतींतून विचारशक्तीला चालना देणाऱ्या, उपचाराच्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यात दोन, अशी सात आठवड्यांत १४ सत्रे. प्रत्येक ४५ मिनिटांचे. एकूण साडेदहा तास. स्मरणशक्तीच्या चाचणीतला लाभ त्या काळच्या औषधांच्या तोडीचा निघाला. चेन्नईतही हा उपचार वापरून पाहिला गेला आहे.

कुरुंदवाडात असे सत्र वार, तारीख आणि नदीच्या पाण्यापासून सुरू होईल. मग टोपलीतली कृष्णाकाठची वांगी हातोहात फिरतील. ‘याला काय म्हणतात?’ असे विचारायचे नाही. ‘भरायला यातली कुठली घ्याल, आजी?’ असे विचारायचे. आठवण चुकते, मत चुकत नाही. उपचाराचा नियमच तो आहे.

आता मनुष्यबळ. गोव्यात एका सल्लागाराच्या वाट्याला सुमारे २० घरे आली. सहा महिन्यांनी नवी २० घेतली, तर वर्षाला ४०. कुरुंदवाडच्या १९० घरांना पाच सल्लागार पुरतात.

अडचण वेगळ्या आकड्यात आहे. भारतात दहापैकी सुमारे एकाच रुग्णाचे निदान होते. या प्रमाणात गावातली १९ घरे माहीत असतील, १७१ नसतील. त्यांना शोधायला नवी यंत्रणा लागत नाही. आजारांच्या तपासणीसाठी आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये ज्येष्ठांसाठी प्रश्न आहेच: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? त्या रकान्यात ‘होय’ आले, की पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी त्या घरी गेले पाहिजे, आणि सहा महिने जात राहिले पाहिजे.