बेबंदशाहीचा बंदोबस्त

दिवसातून दहा वेळा आपण ज्या शब्दाने अव्यवस्थेची संभावना करतो, तो ‘गोंधळ’ हा शब्द मुळात एका अत्यंत शिस्तीच्या विधीचे नाव आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लग्नकार्य उरकल्यावर ज्या घरी कुलाचार म्हणून गोंधळ घालतात, तेथे चौक कसा भरावा, घट कोठे मांडावा, दिवटी केव्हा पाजळावी, आख्यान कोठवर न्यावे आणि आरती कधी करावी, हे सारे परंपरेने ठरलेले असते. आणि त्यात काही मागेपुढे झाले, तर संबळ वाजविणारा गोंधळीच आधी अस्वस्थ होतो. मग याच शब्दाला अनागोंदीचा अर्थ कोणी दिला? माझा आपला तर्क असा की, तो भिंतीपलीकडच्या, झोपमोड झालेल्या शेजाऱ्याने दिला असावा. त्याला संबळ ऐकू येतो. भरलेला चौक दिसत नाही.

इतिहासातील अंदाधुंदीच्या बाबतीत आपली अवस्था बहुधा या शेजाऱ्यासारखीच असते, आणि आपली भाषाही त्याला साक्ष आहे. ‘गर्द’ म्हणजे फारसीत धूळ. बखरकार एखादी फौज ‘गर्दीस मिळाली’ असे लिहितो, तेव्हा ती धुळीस मिळाली असे त्याला म्हणायचे असते. पण १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या लष्कराची जी धूळधाण झाली तिची ‘भाऊगर्दी’ आज निवडणुकीतल्या उमेदवारांच्या वाट्याला आली आहे. ज्या धामधुमीच्या वार्तेने गावे ओस पडत, त्या धामधुमीत आपण आता मुंजी लावतो. ‘मोगलाई’ची कथा तर याहून चमत्कारिक आहे. ज्या राजवटीने मनसबी, जहागिरी आणि फर्माने यांच्यापायी कागदांचे डोंगर रचले, तिचेच नाव मराठी माणसाने कायदा नसलेल्या मुलखाला दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. कागद दिल्लीचा असो की औरंगाबादेचा, त्याच्या दारात घोडाच येत असे. ‘बेबंदशाही’ या शब्दाचीही अशीच मौज आहे. वि. ह. औंधकरांनी संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीवरील नाटकाला हे नाव दिल्यापासून तो नाट्यरसिकांच्या तोंडी बसला. परंतु बेबंद आणि बंदोबस्त हे दोन्ही शब्द एकाच ‘बंद’च्या पोटचे सख्खे भाऊ आहेत, आणि उत्तर पेशवाईचा इतिहास चाळू लागल्यावर ते एकाच घरात नांदतानाही दिसतात.

१७७७ पासून पुण्याची कोतवाली घाशीराम सावळदास याच्याकडे होती. कोतवाली म्हणजे शहराच्या बंदोबस्ताचेच खाते: रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला अटकावून ठेवावे, गुन्हेगारी वसूल करावी, नव्याने येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवावी. १७९१ च्या ऑगस्टात कोतवालाच्या माणसांनी काही परदेशस्थ ब्राह्मणांना पकडून एका अरुंद जागेत कोंडले, त्यांतले अनेक रात्रीत गुदमरून मेले, आणि खवळलेल्या जमावाने अखेर घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. शहरात त्या दिवशी बेबंदशाही माजली असे म्हणावे, तर तिच्या आधीची चौदा वर्षे ज्याला बंदोबस्त म्हणत, तो काय होता? १८६३ साली मोरोबा कान्होबांना या माणसावर पुस्तक लिहावेसे वाटले आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांना नाटक, ते या प्रश्नापायीच असावे. तेंडुलकरांच्या नाटकात माणसांचीच एक भिंत उभी राहते. ती लयीत डोलते, फुटते, पाठ फिरविते, पुन्हा जुळते, आणि तिच्याआड काय चालले आहे ते प्रेक्षकाला दिसता दिसता झाकले जाते. रंगभूमीवर अनागोंदी दाखवायची तर पावलापावलाची तालीम करावी लागते. प्रत्यक्षातल्या अनागोंदीलाही ती लागत असावी, असा संशय मला तेव्हापासून आहे.

१७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्यात वरून पडून निवर्तले आणि गादीचा लिलावच सुरू झाला. त्यांच्या विधवेच्या मांडीवर चिमाजीअप्पाला दत्तक देऊन त्याला पेशवा करण्यात आले. काही महिन्यांतच ते बेत फिरले आणि १७९६ च्या अखेरीस बाजीराव गादीवर बसला. त्यासाठी त्याने दौलतराव शिंद्यांना कोट्यवधी रुपये कबूल केले होते. खजिन्यात खडखडाट होता आणि शिंद्यांची फौज पगारासाठी पुण्याच्या वेशीशी तळ देऊन बसली होती. तेव्हा शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याला शहरातून रक्कम वसूल करण्याची मोकळीक मिळाली. १७९८ सालच्या त्या वसुलीत पुण्यातील सावकारांना आणि जुन्या मुत्सद्द्यांना तापलेल्या तोफांना बांधण्यापर्यंत मजल गेली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ही लूट चोरांनी केली नव्हती. ती पेशव्याच्या संमतीने झाली, कर्ज फेडण्यासाठी झाली, आणि कोणाच्या घरी किती आहे याचा अंदाज असल्यावाचून होणे शक्यच नव्हते. १८०० साली नाना फडणीस गेले, पुढच्या वर्षी बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले, आणि १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चालून येऊन पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा हडपसराजवळ मोड केला. बाजीराव पळाला तो वसईस जाऊन इंग्रजांच्या तहात अडकला. मागे पुण्याला पुन्हा पट्टी बसली, पुन्हा वसुली झाली. पुढच्या साली पाऊस फिरला आणि घोड्यांच्या टापांखालून जी शेते वाचली होती, ती दुष्काळाने नेली.

या साऱ्या धामधुमीचा कळस म्हणजे पेंढारी. पेंढारगर्दी म्हटली की नियम नसलेली झुंड डोळ्यांपुढे येते. वास्तविक पेंढाऱ्यांत शिंदेशाही आणि होळकरशाही असे रीतसर भेद होते. लष्करामागे त्यांचा तळ पडे आणि लुटीच्या परवानगीबद्दल ते सरकारला पालपट्टी भरत. दसरा झाला आणि नर्मदेचे पाणी उतरले की मोहीम निघे. ती परतली की लूट विकत घ्यायला व्यापारी तळावर हजर असत. दौलतरावांनी चितू आणि करीमखान या म्होरक्यांना नबाबीचे किताब दिले, आणि जड झाल्यावर कैदही केले. १८१७ साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज लाखावर फौज घेऊन यांच्या पाठीस लागला, तेव्हा पेंढारी म्हणून मोजले गेलेले लोक पंचवीस-तीस हजारांच्या घरात होते. पेंढाऱ्यांना पदरी बाळगणाऱ्या अमीरखानाने वेळीच तह केला आणि तो टोंकचा नबाब झाला. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली.

चितू मात्र शरण आला नाही. नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांच्या आश्रयाने तो काही दिवस तगला आणि १८१९ साली अशीरगडाच्या आसपासच्या जंगलात, एकटा असताना, वाघाने त्याला मारले. पाठलाग करणाऱ्यांना त्याचा घोडा खोगिरासह चरताना सापडला. खोगिरात एक थैली होती. तिच्यात अडीचशे रुपये होते, काही शिक्क्यांच्या अंगठ्या होत्या, आणि पुढे इनाम देऊ असे वचन देणारी आप्पासाहेबांची पत्रे होती.