आई, आतेबहीण आणि स्पेनचा राजा

६ नोव्हेंबर १६६१ रोजी माद्रिदमध्ये जन्मलेल्या कार्लोसची आई मारियाना ही त्याची सख्खी आतेबहीणही लागत होती. वडील, म्हणजे स्पेनचे राजे चौथे फेलिपे, हे मारियानाचे सख्खे मामा. त्यामुळे मारियानाची आई ही कार्लोसची आजी आणि आत्याही. बापाकडून जे आजी-आजोबा, तेच आईकडून पणजी-पणजोबा. हा गुंता मी वर्षानुवर्षं वहीत काढत आलोय. तो सांगायला बसलो की घरातली माणसं एकेक करून उठून जातात. संपादकांना मात्र तसं उठता येत नाही.

पार्श्वभूमी एका दमात उरकतो. १४९६ मध्ये हाब्सबुर्ग घराण्यातल्या फिलिपचं लग्न स्पेनच्या हुआनाशी झालं. त्यांच्या थोरल्या मुलाकडे, पाचव्या चार्ल्सकडे, स्पेन आलं. धाकट्या फर्डिनांडकडे ऑस्ट्रिया. स्पेनच्या शाखेकडे अमेरिकेतली चांदी, नेपल्स, मिलान, फिलिपिन्स असा पसारा. १५८० ते १६४० पोर्तुगालचा मुकुटही याच घरात होता, म्हणजे गोवा, वसई आणि मुंबईवरही सत्ता याच फेलिपेंची. पुढे पोर्तुगालनं बंड करून ब्रागांझा घराणं गादीवर बसवलं, आणि कार्लोस जन्मला त्याच १६६१ साली त्या घराण्यातल्या कॅथरीनच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना देऊन टाकली. मुंबईकराला एवढा फाटा माफ असावा.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. एवढी दौलत असली की ती घराबाहेर जाऊ नये असंच वाटणार. प्रॉटेस्टंट सोयरे चालत नव्हते, फ्रान्सशी हाडवैर. बरोबरीचं स्थळ म्हणून उरलं ते व्हिएन्नातलं भाऊबंदांचंच घर. दुसऱ्या फेलिपेनं १५७० मध्ये चौथी बायको केली ती आना, सख्ख्या बहिणीची मुलगी. ऑस्ट्रियाकडच्या शाखेतल्या कार्लनंही बहिणीचीच मुलगी केली. मग पहिल्या जोडप्याचा मुलगा तिसरा फेलिपे आणि दुसऱ्या जोडप्याची मुलगी मार्गारिता यांचं लग्न लावलं. त्यांचा मुलगा चौथा फेलिपे. त्यानंही भाचीच केली! आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक जातींत आहे, कर्नाटक-तमिळनाडूत मामा-भाचीची लग्नंही होतात. तिथं निदान रूढीचा आधार असतो. इथं चर्चची सक्त मनाई होती आणि दर वेळी पोपकडून खास परवानगी काढावी लागे. ती मिळतही असे. राजाला नाही कोण म्हणणार?

मारियानाचं तर सगळंच विपरीत. तिचं लग्न ठरलं होतं फेलिपेचा मुलगा बाल्तासार कार्लोस याच्याशी. तो ऑक्टोबर १६४६ मध्ये सतरावं पूर्ण व्हायच्या आठ दिवस आधी गेला. फेलिपेची पहिली बायको दोन वर्षांपूर्वीच वारली होती, दुसरा औरस मुलगा नव्हता. मग सासरा व्हायचा तोच नवरा झाला. १६४९ मध्ये लग्न लागलं तेव्हा ती चौदा वर्षांची, तो चव्वेचाळीसचा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केसनं काढलेलं तिचं पूर्णाकृती चित्र आहे. घागरा इतका रुंद की दोन्ही हात बाजूला पसरावे लागलेत, गालांवर लाली आणि तोंडावर अशी आठी की चित्रकाराची भीड तिनं मुळीच ठेवलेली दिसत नाही. पुढं तीच विधवा होऊन जोगिणीसारख्या काळ्या-पांढऱ्या वेशात दहा वर्षं अज्ञान मुलाच्या नावानं राज्य चालवणार होती. इतिहासकारांनी तिला हट्टी, धर्मवेडी ठरवून निकालात काढलंय. मला ते पटत नाही. त्या दरबारात हट्ट नसता तर तिचा टिकाव लागला नसता.

तिला पाच मुलं झाली, वाचली दोन. थोरली मार्गारिता म्हणजे ‘लास मेनिनास’ या जगप्रसिद्ध चित्राच्या मधोमध उभी असलेली पाच वर्षांची मुलगी. मागच्या आरशात आईबाप अंधूक दिसतात. तिची चित्रं व्हिएन्नाला पाठवली जात, कारण तिथं तिचं स्थळ ठरलेलं: सम्राट लिओपोल्ड, आईचा सख्खा भाऊ. पुन्हा मामा! एकविसाव्या वर्षी ती गेली.

व्हिएन्नाच्या संग्रहालयात तिच्या धाकट्या भावाचं, फेलिपे प्रोस्पेरोचं, १६५९ सालचं चित्र आहे. दोन वर्षांचा फिकुटलेला पोर, शेजारी खुर्चीवर पांढरं कुत्रं. पांढऱ्या झबल्यावर दोऱ्यांना काय काय लोंबतंय: छोटी घंटा, सुगंधी गोळा, काळ्या दगडाची वळलेली मूठ. दृष्ट लागू नये म्हणून! बरोबरची मंडळी कॉफीला निघून गेली, माझा पाय काही निघेना. हा मुलगा १ नोव्हेंबर १६६१ ला वारला, आणि पाचच दिवसांनी कार्लोस जन्मला.

स्पेनमधल्याच सांतियागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये या घराण्याच्या तीन हजारांवर माणसांची वंशावळ मांडून हिशेब केला. जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे आईबापांकडून एकच जनुक दोनदा येण्याची शक्यता मूळच्या फिलिपमध्ये ०.०२५ होती, ती कार्लोसमध्ये ०.२५४ झाली. सख्ख्या बहीणभावांना मूल झालं तर हा आकडा ०.२५ असतो. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजघरात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १० वर्षाच्या आत गेली, १७ दहाव्या वर्षाआधी. घरात वैद्य, दाया, दूध, सगळं असताना.

उलट चौथ्या फेलिपेला मारिया काल्देरोन नावाच्या नटीपासून झालेला हुआन होसे धडधाकट निघाला. लढाया लढला, १६७७ मध्ये सैन्य घेऊन माद्रिदवर चालून आला आणि कारभार ताब्यात घेतला. गादीवर मात्र त्याचा हक्क नाही.

कार्लोसबद्दल वाट्टेल ते छापलं जातं. तो उशिरा चालायला-बोलायला लागला, जबडा इतका पुढं की घास नीट चावता येत नसे, हे खरं. करणी झाली म्हणून भूत उतरवायचे विधीही त्याच्यावर झाले. पण मेल्यावर त्याचं हृदय मिऱ्याच्या दाण्याएवढं निघालं ही कथा माझ्या मते थापच. तोच कार्लोस शिकारीला जायचा, आणि एस्कोरियाल मठाच्या पूजागृहात क्लाउदिओ कोएल्योच्या भल्यामोठ्या चित्रात तो गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो. लांबट चेहरा, पण वेडगळ नव्हे.

दोन लग्नं होऊनही मूल नाही. वारस म्हणून मार्गारिताचा नातू ठरवला, बव्हेरियाचा होसे फर्नांदो. तो १६९९ मध्ये सहा वर्षांचा असताना गेला. अखेर कार्लोसनं मृत्युपत्र केलं फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या नातवाच्या नावे, आणि १ नोव्हेंबर १७०० ला डोळे मिटले. त्यावरून युरोपात तेरा-चौदा वर्षं युद्ध पेटलं. त्यातच स्पेननं जिब्राल्टर गमावलं.

नवं घराणं बूर्बोन, पण रक्त अगदीच नवं नव्हे. १६१५ मध्ये सरहद्दीवरच्या बिदासोआ नदीत दोन राजकन्यांची अदलाबदल झाली होती: फ्रान्सची इसाबेल चौथ्या फेलिपेला, फेलिपेची बहीण आना फ्रान्सच्या तेराव्या लुईला. सरळसरळ साटंलोटं. आनाचा मुलगा चौदावा लुई, इसाबेलची मुलगी मारिया तेरेसा. १६६० मध्ये या दोघांचं लग्न झालं आणि कार्लोसचा वारस हा त्यांचाच नातू. म्हणजे त्याच्या आजीचा बाप आणि आजोबांची आई हे सख्खे बहीणभाऊ, आणि आजीची आई अन् आजोबांचा बापही सख्खे बहीणभाऊच.