मोठा घ्यावा की लहान?

“सर, फोन एकाच कंपनीचे, पण किमतीत वीस हजारांचा फरक. कुठला घेऊ?”

आमच्या शेजारी, जुहूलाच राहणारा माझा एक जुना विद्यार्थी २०२४ च्या फेब्रुवारीत विचारीत होता. नोकरीचे पहिलेच वर्ष. फोन हवा होता आईसाठी. तिला अलीकडे बारीक अक्षर लागत नव्हते, म्हणून हप्ते बांधून मोठा फोन घेण्याचा त्याचा बेत होता.

फोन होते सॅमसंगचे गॅलेक्सी एस २४ आणि एस २४ प्लस. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतात आले तेव्हा त्यांच्या किमती ७९,९९९ आणि ९९,९९९ रुपयांपासून सुरू होत होत्या. प्रोसेसर दोहोंत एकच, कॅमेरेही तेच. फरक मुख्यतः पडद्याचा व बॅटरीचा.

“मोठ्याच्या पडद्यावर जवळजवळ पावणेदोन पट बिंदू आहेत,” तो म्हणाला. हिशेब बरोबर होता. लहान पडद्यावर २३४० × १०८०, म्हणजे सुमारे २५ लाख बिंदू. मोठ्यावर ३१२० × १४४०, म्हणजे सुमारे ४५ लाख. पण मित्रहो, बिंदू मोजायचे ते डोळ्याने!

एक प्रयोग करा. कागदावर दोन बारीक रेघा ओढा. त्यांच्या मध्यांतील अंतर १ मिलिमीटर ठेवा. कागद भिंतीला चिकटवून मागे सरकत जा. सुमारे साडेतीन मीटरवर दोन रेघांची एक रेघ होईल. कारण दोन बिंदू वेगळे दिसायचे तर त्यांनी डोळ्याशी निदान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करावा लागतो. (तुमच्यासारख्या तरुण डोळ्यांना याहून थोडे अधिक जमते.) याच प्रमाणात, ३० सेंटिमीटरवर धरलेल्या फोनवर ०.०९ मिलिमीटरहून जवळचे बिंदू एकमेकांत मिसळतात. लहान फोनवर इंचाला ४१६ बिंदू, म्हणजे दोघांतील अंतर ०.०६ मिलिमीटर. मोठ्यावर इंचाला ५१३, म्हणजे ०.०५. लहान फोननेच डोळ्याची मर्यादा ओलांडली आहे. मोठ्याचे जादा बिंदू कोण पाहणार?

आणि आईचे काय? चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होऊ लागते व जवळचे दिसेनासे होते. यालाच आपण वृद्धदृष्टिता म्हणतो. अशी माणसे फोन हात लांब करून, ४० सेंटिमीटरवर धरतात. तेथे मर्यादा ०.१२ मिलिमीटर होते. जादा बिंदूंचा तिला तर मुळीच उपयोग नव्हता.

“पण सर, पडदा तरी मोठा!” हे खरे. कर्ण ६.२ इंचांऐवजी ६.७ इंच, क्षेत्रफळ काढले तर ९४ ऐवजी ११० चौरस सेंटिमीटर. मात्र अक्षराचा आकार दोन्ही फोनांत आपल्याला हवा तसा वाढवता येतो. मोठ्या पडद्यावर तेवढ्याच अक्षरांत सहाव्या हिश्शाने अधिक मजकूर मावतो, इतकेच.

बॅटरीच्या बाबतीत मोठ्याची बाजू भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. ४००० ऐवजी ४९०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साडेबावीस टक्के जास्त. पडदा मात्र सतराच टक्के वाढला आहे, म्हणून मोठा फोन थोडा अधिक टिकावा. तो भरतोही लवकर: २५ ऐवजी ४५ वॅटने. दिवसभर लोकलने हिंडणाऱ्याला हे मोलाचे; घरी दुपारी फोन भरणाऱ्या आईला तितके नाही.

जुहूकरांना आणखी एक सांगायला हवे. दोन्ही फोन दीड मीटर पाण्यात अर्धा तास टिकतात असे सांगतात, पण ते गोड्या पाण्यात. चौपाटीवरचे खारे पाणी या हमीत बसत नाही.

अखेर दोघे दुकानात गेले. मोठा फोन १९६ ग्रॅमचा, ७५.९ मिलिमीटर रुंद. लहान १६७ ग्रॅमचा, ७०.६ मिलिमीटर. आईने मोठा उजव्या हातात धरला, तर अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचेना. लहान घेतला.

उरलेल्या पैशांतून तिचे डोळे तपासले. तिला +२ डायॉप्टरचा, म्हणजे ५० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या भिंगांचा चष्मा लागला. परवा चौपाटीवर भेटली तेव्हा फोनवर मुलाचा निरोप वाचत होती, साध्याच अक्षरांत.