सलग 13 विजय: टॅम्पा बे रेजने हे केलं कसं?

2023 च्या मेजर लीग बेसबॉलमध्ये टॅम्पा बे रेजने पहिले 13 सामने ओळीने जिंकले आणि ब्रेव्हर्स (1987), ब्रेव्हज (1982) यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. तेही खेळाडूंच्या पगारावर सर्वांत कमी खर्च करणाऱ्या संघांपैकी एक असताना!

प्रतिस्पर्धी सोपे होते, हे आधीच मान्य करू. टायगर्स, नॅशनल्स, अ‍ॅथलेटिक्स, रेड सॉक्स, चौघांचेही मोसमाअखेर विजयांपेक्षा पराभव जास्त. पण कच्च्या संघांनाही असं कोण धुतं? पहिले नऊही विजय किमान 4 धावांनी, अ‍ॅथलेटिक्सला तर लागोपाठ दोनदा 11-0! तेरा सामन्यांत धावा केल्या 101, दिल्या फक्त 30.

पिचिंग तगडी होतीच, खरा बदल बॅटिंगमध्ये झाला. 2022 च्या अख्ख्या मोसमात 139 होम रन मारणाऱ्या संघाने 2023 मध्ये 230 मारले. त्यांचा यांदी डियाझ तर अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन ठरला.

माझ्या मते नशीब थोडं, ताकद जास्त. मोसमात रेजने 99 सामने जिंकले. पण प्लेऑफमध्ये रेंजर्सकडून ते सलग दोन सामने हरले, आणि त्याच रेंजर्सनी वर्ल्ड सीरिज जिंकली.