पाय गार की नुसते गार वाटतात?

रात्री पाय बर्फासारखे गार वाटतात, पण हात लावून पाहावं तर कातडी कोमट! मधुमेहात अनेकांना हा अनुभव येतो. वाढलेल्या साखरेने दुखावलेले मज्जातंतू मेंदूला चुकीची खबर देतात. पाय खरंच गार लागत असेल, चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर दुखणं उतरत असेल, तर संशय रक्तवाहिन्यांवर. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला की डॉक्टर अडथळा आहे असं धरतात.

शेकायला गरम पाण्याची पिशवी मात्र कृपा करून घेऊ नका. बधिर पायाला चटका कळत नाही. फोड सकाळी दिसतो. सैल सुती मोजे घाला. मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात आणि ती भरून काढता येते.