बाटलीतली कैरी

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला एस्टरची टेस्ट असते. परीक्षानळीत थोडं अल्कोहोल, थोडं ॲसेटिक ॲसिड, वरून तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-चार थेंब. गरम पाण्यात धरायचं, सोड्याच्या पाण्यात ओतायचं आणि हुंगायचं. जर्नलमध्ये अख्ख्या बॅचचं निरीक्षण एकच : ‘फळासारखा वास’. मार्क मिळतात, नळी धुतली जाते, विषय संपतो. त्या नळीत साध्या अल्कोहोलऐवजी आयसोअमाइल अल्कोहोल असतं, तर लॅबभर पिकल्या केळ्यांचा घमघमाट सुटला असता. उन्हाळ्यासाठी म्हणून आंबा-अननसाच्या वासाचे जे परफ्यूम हल्ली बाजारात येतात, त्यांचं मूळ बागेत कमी आणि या नळीत जास्त आहे.

गुलाब, मोगरा, वाळा यांचा अर्क वाफेवर निघतो. लिंबा-संत्र्याची साल दाबली की तेल सुटतं. आंब्याच्या गराला मात्र वाफ दिली तर हाती शिजलेला रस येतो. पिकलेल्या फळात साखर आणि पाणीच फार. सुगंधी द्रव्यं किलोमागे काही मिलिग्रॅम. ती काढत बसण्यापेक्षा फळात काय काय आहे ते यंत्रावर वाचायचं आणि तेच रेणू बाहेर जुळवायचे, हा धंद्याचा रस्ता. अननसासाठी अलाइल कॅप्रोएट आणि इथाइल ब्युटिरेट, नारळासाठी गॅमा-नोनालॅक्टोन, फणसासाठी आयसोव्हॅलेरिक आम्लाचे एस्टर. पेरूची गंमत निराळी. त्याचा खरा वास गंधकाच्या संयुगांत असतो. ती नावापुरती असली तर ताजा पेरू कापल्यासारखं वाटतं. जरा हात सैल सुटला की मांजराच्या मुताची आठवण होते.

हे जोडकाम करणारी माणसं आपल्या मध्य रेल्वेवरच आहेत. केळकर कुटुंबाची एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 पासूनची, मुलुंडची. साबण, उदबत्ती, पावडर यांना लागणारे वास बनवून देणारं हे जुनं मराठी घर. केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या वझे कॉलेजात अत्तरं आणि सौंदर्यप्रसाधनं या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे. तिथून कर्जत लोकल पकडून अंबरनाथला उतरा. शिलाहारांनी अकराव्या शतकात बांधलेलं शिवमंदिर, विमकोची काडेपेटी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, एवढीच या गावाची ओळख बाहेरच्यांना असते. पण ओरिएंटल अरोमॅटिक्स या कंपनीचा सुगंध आणि स्वादद्रव्यांचा कारखानाही इथल्या एमआयडीसीत आहे. स्वाद आणि सुगंध एका छपराखाली असण्यात नवल नाही. शाम्पूतला अननस आणि क्रीमच्या बिस्किटातला अननस हे सख्खे भाऊच. खाली कोकणात महाडला प्रिवी ही कंपनी टर्पेंटाइनपासून सुगंधी रसायनं बनवते. साबणांतून आणि पुरुषांच्या परफ्यूममधून येणारा लिंबासारखा ‘फ्रेश’ वास ज्याचा असतो, ते डायहायड्रोमिर्सिनॉल त्यातलंच.

टर्पेंटाइन आणि आंबा यांचं नातं ऐकायला विचित्र वाटतं, पण कैरीचं देठ मोडून पाहा. चीक उडतो आणि नाकाला एक झणका बसतो : हिरवा, डिंकाळ, थोडा रॉकेलकडे झुकणारा. तो टर्पीन गटातल्या द्रव्यांचा, म्हणजे ऑसिमीन, मिर्सीन यांचा वास. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या वासाचा बारकाईने अभ्यास केला आहे. फळ पिकत जातं तसे त्यात लॅक्टोन आणि फ्युरानोन वाढत जातात, असं त्यांना दिसलं. लॅक्टोन म्हणजे सायीसारखा, पीचसारखा जडपणा. फ्युरानोन म्हणजे करपू लागलेल्या साखरेचा गोडवा. आढीतला हापूस आणि झाडावरची कैरी ही वासाच्या हिशेबात दोन वेगळी फळं म्हणावीत इतकं अंतर आहे.

उन्हाळ्याच्या परफ्यूमचा सगळा वाद या अंतरात आहे. अंबरनाथच्या पुढे, बदलापुरात समुद्राचा वारा पोचता पोचता थकतो, एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत हलके रेणू झपाट्याने उडतात. कागदाच्या पट्टीवर इथाइल ब्युटिरेटचा थेंब घ्या : पहिल्या हुंगण्याला रसाळ अननस, आणि थोड्या वेळाने पट्टी कोरी. लॅक्टोन मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच पट्टीवर ठाण मांडून असतो. म्हणजे ‘मँगो’ नावाच्या बाटलीतलं सकाळी फवारलेलं ताजेपण कल्याण येईपर्यंत उडून जातं आणि दादरला उतरताना अंगावर उरतो तो घामात मिसळलेला आमरस. माझं मत स्पष्ट आहे : भर उन्हात कैरी चालते, आमरस नको. कैरीचा हिरवेपणा, लिंबाच्या सालीचा कडवटपणा आणि खाली टिकायला थोडा वाळा, एवढ्यावर उन्हाळा निभतो. फवाराही अंगावर कमी, कपड्यावर जास्त. अंगाच्या उबेने वास लवकर उडतो आणि त्वचेवर ऊन पडलं तर लिंबूवर्गीय तेलांनी डाग पडण्याचा धोका असतो.

कैरी आणि वाळ्याची ही जोडी काही नवी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हातावर अत्तर लावायचं, गुलाबपाणी शिंपडायचं आणि लगेच पन्हं नि आंब्याची डाळ पुढे करायची, हा शहाणपणा आपल्या बायकांनी कोणत्याही परफ्यूमरला न विचारता केला. हाताला वाळा, ओठाशी कैरी.

आणि फळाचं अत्तर आयतं हवं असेल तर हिरवा चाफा आहेच. सीताफळाच्या कुळातली ही वेल. फूल पानात पान होऊन लपतं. पिवळं पडू लागलं की पिकल्या फणसाचा, केळ्याचा, अननसाचा मिळून एक वास अंगणभर करतं. वेल आधी नाकाला सापडते, डोळ्यांना नंतर. प्रॅक्टिकलच्या नळीतलेच एस्टर, फक्त सल्फ्युरिक ॲसिडशिवाय.

बाटलीतला स्वस्त माल पाहायचा तर उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या कल्याण कॅम्पमध्ये वसवलं, 8 ऑगस्ट 1949 ला त्याचं उल्हासनगर झालं, आणि पापड-लोणच्यापासून जीन्सपर्यंत काय वाट्टेल ते बनवून विकणारं गाव उभं राहिलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राने केला आहे. परफ्यूमच्या बाबतीत मला तो निम्माच पटतो. दुसऱ्याचं नाव आणि खोका छापणं ही लबाडीच. पण वासाची नक्कल जगभर उघड चालते, कारण फॉर्म्युला गुपित ठेवण्यापलीकडे त्याला राखण्याचे मार्ग फारसे नाहीत आणि गॅस क्रोमॅटोग्राफच्या यंत्रापुढे ते गुपित फार टिकत नाही. स्वस्त बाटलीत चूक होते ती वेगळीच : वरचे फळांचे एस्टर भरपूर, कारण ते स्वस्त, खाली धरून ठेवणारं द्रव्य नावाला.

या पट्ट्यात फळाच्या वासाला एक कडवी बाजूही आहे. एस्टर हे केवळ सुगंध नव्हेत, ते कारखान्यांतले द्रावकही आहेत; थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर हुंगा, इथाइल ॲसिटेट ओळखू येईल. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीत 2014 मध्ये रसायनं सोडली गेली तेव्हा शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखाने गाठावे लागले होते. त्यामुळे रात्री हवेत गोडसर वास आला की इथला माणूस ‘अहाहा’ म्हणत नाही, उठून खिडकी लावतो. फळांचा परफ्यूम या स्टेशनांवर विकणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

राहता राहिलं बदलापूरचं स्वतःचं फळ, जांभूळ. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जवळच जांभूळ नावाचं गावही आहे. हंगामात आदिवासी बाया पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बसतात. पण अत्तरवाल्याने या फळाचं करावं काय? त्याचं सगळं कर्तृत्व जिभेवर : तुरटपणा आणि जांभळा रंग. वास म्हणाल तर बेताचा, थोडा पाल्यासारखा. उद्या कोणी ‘बदलापूर जामुन’ नावाचा परफ्यूम काढलाच, तर त्यात काळ्या मनुका, द्राक्षं आणि थोडा गुलाब घालून काम भागवावं लागेल, आणि बाटलीला जांभळा रंग द्यावा लागेल. तो शर्टावर पडला की निघणार नाही, तेवढं मात्र अस्सल असेल.